लांब शब्दांचे घास

"हे पुस्तक कोणतं?" बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं.

डी. फार्मच्या, म्हणजे औषधनिर्माणाच्या पदविकेच्या, पहिल्या वर्षाची तोंडी परीक्षा होती. टेबलावर एक जाडजूड ग्रंथ ठेवला होता, त्यावर इंग्रजीत नाव. कॉलेजच्या लायब्ररीत तो मी वर्षभर पाहत आले होते. आत काय असतं तेही पाठ होतं. औषध किती शुद्ध असावं, ते कसं तपासावं, गोळी किती वेळात विरघळावी, याची कायद्याने मानलेली मानकं त्यात असतात. आपल्या देशाची पहिली आवृत्ती १९५५ची. हे सगळं मी घडाघडा सांगितलं असतं, पण आधी नाव घ्यायचं होतं. 'फार्मा'पर्यंत गेले, 'को' म्हटलं, आणि पुढे 'पी'च्या मागे ओ, ई, आय, ए असे चार स्वर रांगेत उभे. "पो... पोई..." करून थांबले.

"ज्या पुस्तकावर तुमचं काम चालणार, त्याचं नावही येत नाही?" असं म्हणून त्यांनी पुढच्या मुलीला बोलावलं.

मार्क गेल्याचं वाईट वाटलंच. पण त्याहून जास्त लागलं ते हे की उत्तर आत तयार होतं आणि एक शब्द दारात आडवा पडला होता.

आमचं गाव अमळनेर तालुक्यात. घरी अहिराणी, शाळेत मराठी. अकरावी सायन्सला पुस्तकं इंग्रजी झाली, ती मी डोळ्यांनी वाचली. लांब शब्द आला की पहिली तीन-चार अक्षरं आणि एकूण लांबी बघून तो ओळखायचा. दूर बांधावरून चाललेला माणूस चालीवरून ओळखतो, तसं. परीक्षा लेखी, त्यामुळे चालून गेलं. तोंडाने ते शब्द मी कधी उच्चारलेच नव्हते. वर्गात शिकवणारेही अवघड शब्दापाशी आले की फळ्यावर लिहून पुढे जायचे. हा दोष कुणा एकाचा नाही. पण तो शब्द तोडायचा कसा, हे मला बारा वर्षांच्या शाळेत कुणीही दाखवलं नव्हतं, हे खरं आहे, आणि अजूनही मला ते सलतं.

आमच्या गल्लीत नाना राहतात. हायस्कुलात मराठी शिकवून निवृत्त झालेले. त्या संध्याकाळी माझा चेहरा बघून त्यांनी ओट्यावर बसवलं आणि सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "हनवटीखाले हात ठेव, बेटा. आते म्हन, जळगाव."

मी म्हटलं.

"कितला डाव खाले गयं तोंड?"

दोन वेळा. जळ, गाव.

"आणि लिहिताना अक्षरं किती?"

चार. मी परत म्हणून पाहिलं. कागदावर ज, ळ, गा, व. तोंडात मात्र दोनच. 'ळ'मधला अ आणि 'व'मधला अ आपण बोलताना गिळून टाकतो, आणि गिळलेला अ सोडून उरलेलं व्यंजन आधीच्या अक्षराला चिकटतं. कमल म्हणताना क-मल, भुसावळ म्हणताना भु-सा-वळ. जबडा जितक्यांदा खाली येतो तितके स्वर, आणि जितके स्वर तितके तुकडे. इंग्रजीत त्या तुकड्याला सिलॅबल म्हणतात. नानांनी 'घास' म्हटलं, कारण प्रत्येक तुकड्याला तोंड उघडावं लागतं. माझ्या तोंडी घासच बसला.

दुसऱ्या दिवसापासून मी हे गाडीत करू लागले. कॉलेजला जायला सुरत-भुसावळ मार्गावरची पॅसेंजर. खिडकीशी बसून हनुवटीखाली रुमालाचा हात धरायचा आणि येणारं स्टेशन तोडायचं. अमळनेर तीन, टाकरखेडे चार, धरणगाव तीन, पाळधी दोन. गंमत इंग्रजी पाटीची. तिथे अ आणि आ दोघांनाही एकच 'ए' लिहिलेला असतो. तरी धरणगावची पाटी वाचताना मी कधी अडखळले नाही. का? तर ते नाव आधी कानात होतं, डोळ्याने फक्त ओळख पटवली. औषधांची नावं माझ्या कानात नव्हतीच. तेव्हा ठरवलं की आधी ऐकायचं, मग वाचायचं. मोबाइलवर इंग्रजी डिक्शनरीत उच्चार ऐकवणारं बटण असतं, ते त्या वर्षी मी जितकं दाबलं तितकं आमच्या घरात विजेचं बटणही कुणी दाबलं नसेल.

पहिला शब्द अर्थात तोच घेतला, त्या ग्रंथाचं नाव, फार्माकोपिया. फार-म-क-पी-अ. पाच घास. चार स्वरांची ती भयानक रांग म्हणजे नुसतं 'पी-अ'! ओ आणि ई मिळून एक ई, मग एक अ. लिहिलेले स्वर मोजून मी अडकले होते, मोजायचे होते ऐकू येणारे. याच्या उलटही होतं. दुकानात आपण गोळीची 'स्ट्रेंग्थ' म्हणतो. इंग्रजीत आठ अक्षरं, पण स्वर एकच, म्हणून घास एकच. आमच्याकडे बरेच लोक 'इस्ट्रेंथ' म्हणतात, कारण स-ट-र असा गठ्ठा सुरुवातीलाच उचलणं जिभेला जड जातं, मग ती पुढे एक 'इ' लावून घेते. इस्कूल, इस्टेशन ही त्याच घरची भावंडं. त्यात चूक-बरोबर काही नाही, पण एक घास वाढतो, आणि ऐकणारा बाहेरचा असेल तर त्याला शब्द ओळखू येत नाही.

घास बरोबर पडू लागले तरी माझं बोलणं मोबाइलमधल्या आवाजासारखं होईना. मी पाचही तुकडे सारख्या वजनाने ठेवत होते, हातोडीने खिळे ठोकावेत तसे. मराठीत आणि अहिराणीत ते चालतं, आपल्या बोलण्यात प्रत्येक घासाला जवळजवळ सारखा वेळ मिळतो. इंग्रजीत एक घास मोठा, बाकीचे त्याच्या भोवती अंग चोरून उभे.

हे मला कळलं ते केळीमुळे. मामाचं गाव रावेर तालुक्यात आहे, तिथे केळीचे बाग. दिवाळीत गेले होते, तर मामाची धाकटी पोर इंग्रजी शाळेतला धडा मोठ्याने वाचत होती, "बनाना, बनाना." मी मोबाइलवर तोच शब्द लावला. तीन 'ए' लिहिलेले, तिन्ही अगदी सारखे. ऐकू येतं ते मात्र असं: पहिला 'ब' कसाबसा, मधला 'ना' लांब, उंच आणि ठसठशीत, शेवटचा 'न' पुन्हा विझलेला. ब-ना-न. आम्ही दोघींनी तो वीस वेळा तरी म्हटला असेल. त्या विझलेल्या स्वराला श्वा म्हणतात. इंग्रजीत सगळ्यात जास्त ऐकू येणारा स्वर तोच, आणि आपल्या 'अ'चा तो अगदी जवळचा नातेवाईक. म्हणजे इंग्रजांचा सगळ्यात वापरातला स्वर आपल्या बाराखडीचं पहिलं अक्षर आहे, आणि आपण मात्र जिथे 'ए' दिसेल तिथे आ किंवा ॲ ठोकून देतो. परीक्षेच्या दिवशी मी 'फार्मा' म्हटलं होतं. तिथे 'मा' नाहीच, 'म' आहे.

नानांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी पाटीच घेतली. त्यांना वृत्तं फार प्रिय. बनाना म्हणजे लघु, गुरू, गुरू, म्हणजे य गण, असं त्यांनी मांडलं. मी इंग्रजी उच्चार ऐकवला. त्यांनी दोनदा ऐकला, तिसऱ्यांदा ऐकला, आणि शेवटचा गुरू पुसून लघु केला. म्हणाले, आपल्याकडे गुरू कुठेही आला तरी त्याच्या दोन मात्रा त्याला मिळतातच, इथे एकानेच सगळ्यांच्या मात्रा ओढून घेतल्या. लघु-गुरूच्या खुणा तिथे पुरत नाहीत हे त्यांनी मान्य केलं, पण खुणा करायची सवय मला तिथून लागली. माझ्या वहीत प्रत्येक लांब शब्दाच्या घासांमध्ये उभ्या रेघा आणि जोराच्या घासाखाली एक जाड आडवी रेघ असते.

वही भरत गेली तसा प्रश्न उभा राहिला की जोर कुठे, हे दर वेळी ऐकूनच ठरवायचं का? औषधशास्त्रात असे हजारो शब्द. मग एका पानावर मी 'फार्म'चं कुटुंब लिहून काढलं आणि तिथे वाट सापडली. ग्रीकमध्ये 'फार्माकॉन' म्हणजे औषध, आणि विषही. त्यापासून 'फार्मसी', जोर 'फार'वर. 'फार्मसिस्ट', जोर अजून 'फार'वरच. 'फार्मकॉलजी' म्हटलं की जोर उडी मारून 'कॉ'वर. 'फार्मकॉग्नसी', वनस्पतींपासून मिळणाऱ्या औषधांचा विषय, तिथेही 'कॉ'वर. 'फार्मस्यूटिकल'ला 'स्यू'वर. 'फार्मकलॉजिकल'ला 'लॉ'वर. आणि परीक्षेत माझा घात करणाऱ्या शब्दाला 'पी'वर. मूळ एकच, पण शेपटी बदलली की जोर जागा सोडतो.

शेतावर गाडी हाकताना बैलाची शेपटी हातात असते, तोंड नसतं. लांब इंग्रजी शब्दाचंही तसंच आहे. पुढून वाचायला घेतला की तो अंगावर येतो. आधी शेवट बघायचा. शेवटी '-इक' असेल तर जोर त्याच्या अगदी आधीच्या घासावर: ॲलर्जीत जोर 'ॲ'वर असतो, पण ॲलर्जिक म्हणताना तो 'लर'वर येतो. डायबेटिकमध्ये 'बे'वर, अँटिबायॉटिकमध्ये 'ऑ'वर. शेवटी '-शन' असेल तरी तसंच: इंजेक्शनमध्ये 'जेक', प्रिस्क्रिप्शनमध्ये 'स्क्रिप', आणि सहा घासांच्या 'कॉन्ट्रइंडिकेशन'मध्ये 'के'. '-इटी'चंही तेच. आपण सगळेच ॲसिडिटी म्हणतो ना? 'ॲसिड'मध्ये जोर पहिल्यावर आहे, पण '-इटी' लागल्याबरोबर तो 'सि'वर सरकतो आणि पहिला ॲ विझून अ होतो: अ-सि-डि-टी. '-लॉजी'च्या शब्दांत जोर त्या 'ल'च्या आधीच्या 'ऑ'वर पडतो, शेवटून तिसऱ्या घासावर. काही शेपट्या मात्र गरीब असतात, त्या जोराला हात लावत नाहीत. '-नेस', '-लेस', '-फुल', '-इंग' कितीही जोडा, मूळ शब्द जिथे वाकत होता तिथेच वाकतो. आणि '-इअर', '-ई' यांसारख्या थोड्या शेपट्या जोर स्वतःकडेच ओढतात, इंजिनिअरमध्ये शेवटी, एम्प्लॉयीमध्येही शेवटी.

नियमाला अपवाद आहेत आणि ते नेमके आमच्याच विषयात भेटले. बाभळीच्या जातीच्या झाडाचा डिंक, ज्याला पुस्तकात 'गम अरेबिक' म्हणतात, त्यात '-इक' असूनही जोर पहिल्याच घासावर आहे, ॲ-र-बिक. आर्सेनिकही तसाच, नाम असताना जोर 'आर'वर. हे दोन मी वहीच्या आतल्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवले.

एकच शब्द नाम असताना एकीकडे आणि क्रियापद असताना दुसरीकडे वाकतो, हेही फार्मसीतच पक्कं झालं. अडुळशाचा 'एक्स्ट्रॅक्ट' म्हणजे अर्क, तेव्हा जोर 'एक्स'वर. अर्क काढणे ही क्रिया असेल तर 'ट्रॅक्ट'वर. 'कंपाउंड' म्हणजे संयुग, जोर पहिल्यावर. औषधं मिसळून तयार करणे हे क्रियापद, तेव्हा जोर 'पाउंड'वर. आपल्या गावोगाव डॉक्टरच्या हाताखालच्या माणसाला कंपाउंडर म्हणतात ते याच क्रियापदावरून आलं आहे, आणि जोरही त्याच जागी आहे. माझे आजोबा हा शब्द अगदी बरोबर उच्चारायचे. कुणी शिकवलं नव्हतं, ऐकून आला होता.

आता मी जिथे सगळ्यात जास्त दिवस घोटाळले ते सांगते. घास आणि जोर कळल्यावर मी शब्दाचा अर्थही त्याच तुकड्यांत शोधू लागले, आणि तो सापडेना. पॅरसीटमॉल घ्या. पॅ-र-सी-ट-मॉल, पाच घास, जोर 'सी'वर. पण 'सी'ला अर्थ नाही, 'ट'ला नाही, 'मॉल'लाही नाही. रसायनशास्त्राच्या पुस्तकात त्याचं पूर्ण नाव होतं, पॅरा-ॲसिटिल-अमिनो-फिनॉल. त्यातून 'पॅर', 'ॲसिट', 'ॲम' आणि 'ऑल' असे तुकडे उचलून नाव बनवलं आहे. म्हणजे 'पॅर' आणि 'ॲसिट' यांचा सांधा 'र'च्या पोटात लपला, आणि 'ॲम'-'ऑल'चा सांधा 'मॉल'च्या पोटात. अमेरिकेत याच औषधाला ॲसिटमिनफेन म्हणतात. मला आधी वाटायचं ती दोन वेगळी औषधं आहेत. ते त्याच लांबलचक नावातून दुसरे तुकडे उचलून केलेलं नाव आहे: ॲसिट, अमिनो, फेन.

नानांना हे सांगताच ते म्हणाले, "विद्यालय तोड." तोंडाने तोडलं: विद्-द्या-लय. अर्थाने तोडलं: विद्या अधिक आलय. 'द्या'मधला आ दोघांचा आहे, तिथे भिंत घालता येत नाही. आपण संधी शिकतो, समासाचा विग्रह करतो, तेव्हा हेच करत असतो. तोंडाचा घास वेगळा आणि अर्थाचा सांधा वेगळा. दोन्ही कापायचे, पण दोन वेगळ्या सुऱ्यांनी. हेलिकॉप्टर हा शब्द आपण हे-लि-कॉप-टर असा तोडतो, म्हणून 'कॉप्टर' हा वेगळा तुकडा वाटतो. त्याचा खरा सांधा 'हेलिको' आणि 'प्टर' यांच्यामध्ये आहे, मळसूत्र आणि पंख. त्या दिवसापासून वहीत दोन रांगा झाल्या, वर घास, खाली सांधे.

खालच्या रांगेने मला जो आनंद दिला तो परीक्षेच्या मार्कांनीही दिला नाही. ग्रीक शब्दांत सुरुवातीचा 'अ' किंवा 'अन' म्हणजे नाही. ॲनीमियात 'अन' अधिक रक्त. ॲनस्थीशियात 'अन' अधिक संवेदना. आणि आपण काय करतो? ज्ञान नाही ते अज्ञान, आदर नाही तो अनादर. व्यंजनापूर्वी अ, स्वरापूर्वी अन्, दोन्हीकडे तंतोतंत तोच नियम. संस्कृत आणि ग्रीक या एकाच भाषाकुळातल्या बहिणी, म्हणून हे जुळतं. ग्रीक 'हायपर' म्हणजे वर, आपलं उपरि. ग्रीक 'हायपो' म्हणजे खाली, त्याचं नातं आपल्या 'उप'शी. 'हेप्टा' सात, आपलं सप्त, 'ऑक्टा' आठ, अष्ट. हायपोग्लायसीमिया या शब्दाची मला पूर्वी धास्ती वाटायची. सांधे उघडले तर खाली, गोड आणि रक्त. रक्तातली साखर उतरली. हे कळल्यावर तो शब्द विसरता येणं शक्य नाही. घास सहा, जोर 'सी'वर.

दुसऱ्या वर्षानंतर दुकानात ५०० तासांचं प्रात्यक्षिक असतं. तालुक्याच्या गावी एका मेडिकलमध्ये मी ते केलं. दुसऱ्याच आठवड्यात एक शेतकरी काका चिठ्ठी घेऊन आले. जांघेत गजकर्ण झालेलं, कापूस वेचणीचे दिवस, घाम आणि खाज यांनी बेजार. चिठ्ठीवर अक्षर घाईचं. सुरुवात 'क्लो', शेवट 'ओल'सारखा. मी खणातून ट्यूब काढली आणि पिशवीत घालणार, तोच दुकानातल्या वडीलधाऱ्या फार्मासिस्ट भाऊंनी माझा हात धरला. चिठ्ठीत क्लोट्रिमाझोल होतं, मी क्लोबेटासोल काढलं होतं. पहिलं बुरशी मारतं. दुसरं जोरदार स्टेरॉइड आहे. गजकर्णावर ते लावलं तर चार दिवस लाली आणि खाज कमी वाटते, आणि बुरशी आतून पसरत जाते. काका ते महिनाभर लावत राहिले असते, बरं वाटतंय म्हणून.

त्या रात्री मला झोप आली नाही. उठून वहीत दोन्ही नावं एकाखाली एक लिहिली. क्लो-ट्रिम-अ-झोल. क्लो-बे-ट-सॉल. दोन्हींचे घास चार, पहिला घास सारखा, तिसरा दोन्हीकडे विझलेला. फरक आहे तो दुसऱ्या घासात, आणि जोर नेमका तिथेच आहे, 'ट्रिम'वर आणि 'बे'वर. मी तोंडाने नीट म्हटलं असतं तर चूक होऊच शकली नसती. मी पूर्वीसारखं डोळ्याने सुरुवात आणि लांबी पाहिली होती. तेव्हापासून माझा नियम आहे, पिशवीत घालण्याआधी नाव घास पाडून म्हणायचं, हळू का होईना पण तोंडाने.

भाऊंनी मला रागावलं नाही. त्यांनी शेपट्या शिकवल्या. जागतिक आरोग्य संघटनेने १९५०मध्ये ठरवलं की औषधांची एकच जगमान्य नावं असावीत, आणि १९५३मध्ये अशा नावांची पहिली यादी निघाली. एका जातीच्या औषधांना एकच शेवट देतात. '-ओलोल' आलं की ॲटेनोलोल, मेटोप्रोलोल, हृदयाची गती आणि रक्तदाब उतरवणारी. '-सार्टन' आलं की लोसार्टन, टेल्मिसार्टन. '-वास्टॅटिन' कोलेस्टेरॉलची. कंपनी डब्यावर स्वतःचं काहीही नाव घालो, सोबत हे खरं नाव असतंच.

पण शेपटी किती लांब कापायची तेही कळायला हवं, हे भाऊंनी बजावलं. '-झोल' एवढंच कापलं तर घात. '-प्राझोल' म्हणजे पोटातलं आम्ल कमी करणारी, ओमेप्राझोल, पँटोप्राझोल, रॅबेप्राझोल. '-कोनाझोल' बुरशीवरची, फ्लुकोनाझोल, इट्राकोनाझोल. '-निडाझोल' अमिबाच्या जुलाबावरची, मेट्रोनिडाझोल, टिनिडाझोल. '-बेंडाझोल' जंतांची, शाळेत पोरांना वाटतात ती अल्बेंडाझोल. आणि आरिपिप्राझोल दिसतं ॲसिडिटीच्या घरचं, पण त्याची शेपटी '-पिप्राझोल' आहे, ते मानसिक आजारावरचं औषध. एक 'पि' नजरेआड झाला की रोगी एक आणि गोळी दुसऱ्याची. हायड्रॅलझीन आणि हायड्रॉक्सिझीन यांच्या बाबतीत तर काही देशांत दवाखान्याच्या लेबलांवर वेगळी असलेली अक्षरंच मोठ्या लिपीत छापतात, डोळा तिथे थांबावा म्हणून. आपल्या कानाला तसा थांबा घासांनी मिळतो.

एका गोष्टीने मला काही महिने फसवलं, तीही सांगून ठेवते, कारण हे शिकू पाहणारी पोरं त्यात अडकतात. इंग्रजी डिक्शनरीत शब्दाच्या मध्ये ठिपके दिलेले असतात. ते सिलॅबलचेच समजून मी घास तसे पाडत होते. ते ठिपके मुख्यतः छापणाऱ्यासाठी असतात, ओळीच्या शेवटी जागा संपली तर शब्द कुठे मोडावा यासाठी. 'रेकॉर्ड' हा शब्द नाम असेल तर तो 'सी'नंतर मोडतात, क्रियापद असेल तर 'सी'च्या आधी. शब्द तोच, अक्षरं तीच. बोलण्यासाठी बघायचं ते कंसात किंवा तिरप्या रेघांत दिलेल्या उच्चारात. तिथे जोराच्या घासाआधी वर एक बारीक उभी रेघ असते. ती रेघ शोधायची, ठिपके सोडून द्यायचे.

आता मी त्याच गावात एका मेडिकलमध्ये काम करते. संध्याकाळी गल्लीतल्या डी. फार्म आणि नर्सिंगच्या तीन पोरी ओट्यावर येतात. नाना खुर्ची टाकून शेजारी बसतात. नवा शब्द आला की आधी कुणीही वाचायचा नाही. ऐकायचा, हनुवटीखाली हात ठेवून घास मोजायचे, शेपटी बघून जोर ठरवायचा, मग सांधे उघडायचे, आणि सगळ्यात शेवटी डोळ्यांनी पुस्तकातलं स्पेलिंग. हा क्रम उलटा केला तर तोच शब्द पुन्हा भिंत होतो, हे मी तिघींच्याही बाबतीत पाहिलं.

मायला रक्तदाब आहे. ती गोळ्या रंगावरून ओळखायची, एक लाल पट्टीवाली, एक 'धवळी'. सरकारी दवाखान्यात या महिन्याला एका कंपनीची मिळते, पुढच्या महिन्याला दुसरीची, रंग बदलतो आणि ती गोंधळते. एकदा तिने एकच गोळी दोन रंगांत दोनदा घेतली होती. म्हणून तिला मी नावं शिकवली. टेल-मि-सार-टन, जोर 'सार'वर. अम-लो-डि-पिन, जोर 'लो'वर. ज्वारी पाखडताना सुपाच्या तालावर ती म्हणायची, आणि ताल चुकला की नाव चुकलं हे तिचं तिलाच कळायचं. आता दवाखान्याच्या खिडकीत ती नावाने गोळी मागते.

गेल्या आठवड्यात डॉक्टरांनी तिसरी गोळी वाढवली, हायड्रोक्लोरोथायझाइड. लघवीवाटे जास्तीचं मीठ-पाणी काढणारी. मी स्ट्रिप हातात घेऊन नाव दोनदा म्हणून दाखवलं. माय भाकरी थापत होती.

"इतलं लांब?" ती म्हणाली. "याना कितला घास?"

मी सांगितलं नाही. तिने पिठाचा हात झटकला, मनगट हनुवटीखाली धरलं आणि सुरुवात केली. हाय. ड्रो. क्लो. रो. थाय. मग जरा थांबली, मी पुन्हा एकदा म्हटलं, तिने कान दिला. अ. झाइड.

"सात," ती म्हणाली, आणि तव्यावरची भाकरी उलटली.